आधी आवाज, मग फोटो, पुस्तिका शेवटी

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: "आई जाऊन साडेतीन महिने झाले. वय ७७. माहेर गडहिंग्लजचं. १९६८च्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती कराडला आली. घरी शिवणकाम केलं, २२ वर्षं बालवाडी चालवली, आम्हा दोघांना वाढवलं, पुढे चार नातवंडांचं सगळं केलं. अण्णा ८२ वर्षांचे आहेत. ते तिच्याबद्दल काहीच बोलत नाहीत. विषय काढला की उठून गॅलरीत जातात. वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची पुस्तिका काढावी असं भावाच्या आणि माझ्या मनात आहे. तिचा फोन बंद करून कपाटात ठेवलाय. दोन चिकट अल्बम, बिस्किटाचा डबा भरून सुटे फोटो, तिच्या भजनी मंडळाच्या दोन कॅसेट, कपाटभर साड्या आणि मसाल्याची एक फाटकी वही, एवढं हाताशी आहे. भाऊ रॉटरडॅमला असतो. दिवाळीत येईन तेव्हा पंधरा दिवसांत सगळं उरकू म्हणतो. सुरुवात कुठून करू?"

ताई,

आईच्या जाण्याचं दुःख ताजं असताना तुम्ही हे काम हाती घेताय, याबद्दल मनापासून बरं वाटलं. पण दिवाळीपर्यंत थांबू नका. पुस्तिका दिवाळीनंतरही छापता येते, बाकीच्या वस्तूंना तेवढा धीर नसतो. त्यामुळे पानं किती, मुखपृष्ठावर कुठला फोटो, हे विचार सध्या बाजूला ठेवा आणि जे आधी नाहीसं होणार ते आधी हातात घ्या. तुमच्या घरात तो मान कपाटातल्या फोनचा आहे.

आज संध्याकाळीच फोन बाहेर काढा. बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे मागचं झाकण उचललेलं किंवा काच वर आलेली असली, तर चार्जिंगला लावू नका. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि "आतला डेटा हवा आहे, रिसेट करायचं नाही" असं आधी सांगा. बॅटरी ठीक असेल तर चार्ज करून फोन चालू करा. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळतो. व्हॉट्सॲपचं खातंही साधारण १२० दिवस निष्क्रिय राहिलं की हटवलं जातं. साडेतीन महिने म्हणजे जवळपास १०५ दिवस. हातात फार दिवस नाहीत. सिम चालू असेल तर रिचार्ज करा, इंटरनेट जोडा आणि व्हॉट्सॲप एकदा उघडा. सिम बंद पडलं असेल तरी घाबरू नका, फक्त व्हॉट्सॲप काढून टाकू नका आणि त्यातून लॉग आउटही करू नका. तिचे व्हॉइस मेसेज फोनच्या मेमरीत फाइल म्हणून असतात, ॲप काढलं की मात्र ते जाऊ शकतात. स्क्रीनचं कुलूप माहीत नसेल तर अंदाजाने आकडे दाबत बसू नका. चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन जास्त जास्त वेळ अडून बसतो, काही फोन तर स्वतःला पुसून टाकतात. ते कुलूप बहुधा एखाद्या नातवंडानेच लावून दिलेलं असतं, आधी त्यांना विचारा.

फोन उघडला की केबलने संगणकाला जोडा. अँड्रॉइड फोनमध्ये 'अँड्रॉइड', 'मीडिया' असं आत गेलं की व्हॉट्सॲपचा फोल्डर लागतो. त्यातल्या 'मीडिया'मध्ये 'व्हॉइस नोट्स' नावाचा फोल्डर असतो. आत आकड्यांच्या नावाचे छोटे फोल्डर दिसतील. ते आकडे म्हणजे साल आणि त्या सालातला आठवडा. फाइलच्या नावात तारीख असते, म्हणून कॉपी करताना नाव बदलू नका. निवडत, ऐकत बसूही नका. पूर्ण फोल्डर जसाच्या तसा उचला. ऐकणं हे वेगळं काम आहे आणि ते ज्या दिवशी मन तयार असेल त्या दिवशी करायचं. गॅलरी, कॉल रेकॉर्डिंग आणि संपर्कयादी यांचीही प्रत घ्या. संपर्कयादी घ्यायची कारण तिने माणसं कोणत्या नावाने साठवली होती ते त्यात कळतं. 'शेंगावाली मालन', 'लायब्ररी', 'भिशी सुमन' अशा नोंदींतून तिचं एक अख्खं जग हाताला लागतं, जे मुलांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं. तिचं गुगल खातं असेल तर त्यातही एकदा शिरा. दोन वर्षं कुणी न उघडलेलं खातं फोटोंसकट हटवण्याचं गुगलचं धोरण आहे.

तिने दुसऱ्यांना पाठवलेले मेसेज त्यांच्या फोनवर असतात, आणि "स्टोरेज फुल" दिसलं की लोक आधी तेच पुसतात. म्हणून या आठवड्यातच नात्यात, शेजारात, भजनी मंडळात एक निरोप पाठवा. तो नेमका असू द्या: "आईचा आवाज असलेला कुठलाही व्हॉइस मेसेज, व्हिडिओ, तिचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर कृपया पुसू नका. मला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कधीचा आहे, सोबत कोण आहे, एवढं आठवलं तर लिहा." डॉक्युमेंट हा शब्द विसरू नका. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि छपाईला तो धूसर येतो. "आठवणी पाठवा" एवढंच लिहिलंत तर हात जोडल्याच्या चिन्हांपलीकडे काही येत नाही.

आता अण्णा.

५७ वर्षांच्या संसाराबद्दल माणूस बोलत नाही याचा अर्थ त्याला बोलायचं नाही, असा नसतो. "आईबद्दल काही सांगा ना" हा प्रश्नच त्यांना झेपत नसावा, कारण त्याला उत्तर कुठून द्यायचं हेच कळत नाही. त्यांना भावना विचारू नका, माहिती विचारा. समोरासमोर बसण्याऐवजी शेजारी बसा, हातात तिची एखादी वस्तू ठेवा. तुमच्याकडे शिवणयंत्र असणारच. "अण्णा, हे कुणाकडून घेतलं? किती हप्ते होते? पहिलं गिऱ्हाईक कोण?" अशा प्रश्नांना माणूस सहज उत्तर देतो, आणि हप्त्यांचा हिशेब सांगता सांगता तिने पहिल्या कमाईतून काय आणलं ते आपोआप निघतं. फोटो दाखवायचे तर एका वेळी पाच-सहा, त्याहून जास्त नकोत. विचारायचं काय? लग्नानंतर कुठल्या खोलीत राहिलात, भाडं किती, चूल होती की स्टोव्ह, गॅस कधी आला, पाणी कुठून भरायचं, ती रागावली की काय करायची, तुमच्यात पैशावरून वाद झाला तेव्हा कुणाचं ऐकलं गेलं, सासूबाईंनी तिला काय शिकवलं आणि तिने त्यांना काय शिकवलं. शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उत्तर मात्र बरंच मोठं मिळतं.

त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, लपवून नको. दुपारचा चहा झाल्यावरची अर्धा-पाऊण तासाची बैठक पुरे. थकवा आला की आठवणींची नुसती गोळाबेरीज होते. पंखा बंद ठेवा, नाहीतर वाऱ्याची घरघर अख्ख्या रेकॉर्डिंगवर बसते. टीव्ही आणि कुकरही बंद. फोन विमान मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून फूटभर अंतरावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवलात तर कप ठेवल्याचा आवाज त्यांच्या आवाजापेक्षा मोठा येतो. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर दुसऱ्या बाजूला बसा. ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहा आकडे मोजा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते. साल चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. एकदा टोकलेला म्हातारा माणूस पुढे जपून बोलतो, आणि जपून बोललेलं तुमच्या उपयोगाचं नसतं. शेवटी तुम्ही स्वतः तारीख, ठिकाण आणि हजर माणसांची नावं मोठ्याने म्हणा, म्हणजे फाइलचं नाव उद्या कुणी बदललं तरी ती ओळखता येईल.

साल नक्की करायला मोठ्या घटनांचा आधार घ्या. कराडच्या माणसाला सगळ्यात पक्की आठवण कोयनेच्या भूकंपाची असते: ११ डिसेंबर १९६७, पहाटे. लग्न त्यानंतरच्याच उन्हाळ्यातलं, तेव्हा "भिंतीला तडे होते का, लग्न अंगणात लागलं का" असं विचारता येईल. पुढे १९७२चा दुष्काळ, तेव्हा मदत म्हणून मिळणारी मिलो ज्वारी आणि सुकडी. जून १९७५ ते मार्च १९७७ची आणीबाणी. २५ जून १९८३चा विश्वचषक. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप. "बालवाडी सुरू झाली तेव्हा आणीबाणी होती की उठली होती?" याला उत्तर मिळतं, "कोणत्या साली?" याला नाही.

बोलताना अण्णांचे डोळे भरून आले तर रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या, पण घाईने विषय बदलू नका. रडू येणं हे काम बिघडल्याचं लक्षण नाही. काळजीची लक्षणं वेगळी असतात: जेवण निम्म्यावर येणं, आठवडेच्या आठवडे झोप न लागणं, औषधं चुकवणं, "आता मी कशाला राहिलो" असं पुन्हा पुन्हा म्हणणं. हे दिसलं तर आठवणींचं काम ठेवून त्यांना डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. आणि त्यांना विचारल्याशिवाय तिचं कपाट आवरू नका. तिचा चष्मा, पाण्याचा तांब्या, देव्हाऱ्यापुढचा पाट जिथे आहेत तिथे राहू द्या.

अण्णांइतकीच घाई माहेरच्या माणसांची आहे. लग्नाआधीची वीस वर्षं अण्णांना माहीत नाहीत आणि तुम्हालाही नाहीत. घरोघरच्या पुस्तिकांमध्ये हेच होतं: बाई पहिल्या पानावर नवरी म्हणून उभी राहते आणि दुसऱ्या पानावर आई होते. तिला कुठला विषय आवडायचा, शाळा कितवीत सुटली आणि कुणी सोडवली, पंचमीला झोपाळ्यावर सगळ्यात उंच कोण जायचं, हे सांगणारी एखादी बहीण किंवा मैत्रीण गडहिंग्लजच्या बाजूला अजून असेल तर तिला आधी गाठा. फोनवर नको, प्रत्यक्ष जा, आणि जाताना लग्नाआधीचा एक तरी फोटो न्या.

तिथे गेल्यावर शाळेतही जाऊन या. शाळा सोडल्याचा दाखला घरी नसला तरी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, मृत्यूचा दाखला आणि तुमच्या नात्याचा पुरावा दिला की उतारा मागता येतो. मात्र नोंद शोधायची ती माहेरच्या नावाने. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं असेल तर घरात जे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडणारच नाही. पुष्कळांचा शोध इथेच अडतो आणि "नोंद नाही" म्हणून माणसं परत येतात. रजिस्टरात जन्मतारीख १ जून असली तर तीवर विसंबू नका. त्या काळी जन्मदिवस ठाऊक नसला की गुरुजी शाळेच्या सोयीने १ जून लावत. खरा दिवस आजोळच्या कुणाच्या तरी तोंडी "गौरीच्या आदल्या दिवशी" अशा रूपात मिळू शकतो. पुस्तिकेत दोन्ही द्या.

बालवाडीची २२ वर्षं म्हणजे कैक मुलं. सगळ्यात आधीची मुलं आता पन्नाशीत आहेत. अशा पाच-सहा जणांना गाठून प्रत्येकाकडून एकच नेमकी गोष्ट घ्या. "बाई फार प्रेमळ होत्या" असं आलं तर "म्हणजे काय करायच्या?" हा एक प्रश्न पुढे टाका. तेव्हा कळतं की डबा न आणणाऱ्या पोराला त्या आपल्या डब्यातली भाकरी "मला जास्त झाली" असं सांगून द्यायच्या. तुम्हाला पुस्तिकेत हे वाक्य हवं आहे, प्रेमळ हा शब्द नको.

फोटोंचं काम बैठं आहे. ते महाविद्यालयात जाणाऱ्या नातवंडावर सोपवता येईल. चिकट अल्बम मात्र तुम्ही स्वतः हाताळा. त्या पानांवरचा डिंक वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो आणि फोटोच्या पाठीला धरून ठेवतो. कोपरा धरून ओढलात तर फोटोचा वरचा थर सुटतो किंवा आडवी घडी पडते, आणि ती घडी कायमची. दात साफ करायचा मेण नसलेला धागा घ्या, कोपऱ्यातून फोटोखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे नेत डिंक कापा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देऊ नका, रंगीत फोटोचा थर मऊ होऊन बिघडतो. हलतच नसेल तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. चौकटीच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायचाच नाही, तो काचेसकट स्कॅन होतो.

साध्या आकाराचे फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करा. ४ बाय ६ इंचाचा फोटो तेवढ्यावर २४०० बाय ३६०० पिक्सेलचा येतो आणि पानभर छापता येतो. पासपोर्ट आकाराचे किंवा दाखल्यावरचे छोटे फोटो १२०० डीपीआयवर. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, "चि. सौ. कां." अशी ओळ, वधूपरीक्षेला पाठवताना लिहिलेली उंची, असं काय काय तिथे सापडतं. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी फोटो सपाट ठेवून मोबाइल बरोबर समांतर धरा, फ्लॅश बंद. माहिती लिहायची तर पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढे उमटते आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. सुटे फोटो बिस्किटाच्या डब्यात परत टाकू नका. पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम येतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. एकदा चिकटले की कोरडे ओढू नका, जाणकार फोटोग्राफरला दाखवा. कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटांत पाच-सहा करून ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका.

प्रत्येक स्कॅनच्या नावात आधी साल, मग प्रसंग, मग माणसं डावीकडून उजवीकडे. साल माहीत नसेल तर "१९७०_दशक" असं लिहा, पण रिकामं सोडू नका. लग्नातल्या मोठ्या समूहफोटोची एक प्रत कागदावर मोठी छापून प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि ती अण्णा, मावशी, आत्या यांच्यात फिरवा. हे काम म्हाताऱ्या माणसांना मनापासून आवडतं. त्यातल्या निम्म्या चेहऱ्यांची नावं सांगणारं दुसरं कुणी उरलेलंही नसतं.

कॅसेट लावून बघायचा मोह होईल. आधी वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी भजन पुसलं जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट कुठल्याही टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. फीत अडकून तुटते आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटला लागते. तिचं काम जाणकाराकडून करून घ्या. स्वच्छ असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेली फीत मोकळी होते. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते, तिला थांबवत, मागेपुढे करत वाजवू नका. टेपरेकॉर्डरचं हेडफोनचं छिद्र केबलने संगणकाला जोडा आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये अख्खी बाजू एका दमात उतरवा. फाइल 'वेव्ह' प्रकारात ठेवा, तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागेल. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री प्रत वेगळी काढा. भजनाच्या मधली खोकल्याची, "अगं, पेटी वर घे" अशी बोलणी कापू नका. भजनं सगळीकडे मिळतील, ते बोलणं फक्त इथेच आहे.

आईला जात्यावरच्या किंवा डोहाळजेवणाच्या ओव्या येत होत्या का, हेही मंडळातल्या बायकांना विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि आता त्यांतल्या बऱ्याच 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात वाचायला-ऐकायला मिळतात. ओवी उतरवताना शब्दांबरोबर चालही रेकॉर्ड करावी आणि ती कुणाकडून आली ते लिहावं, हे त्या कामाकडून घेण्यासारखं आहे.

मसाल्याच्या वहीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण इथे घरोघरी फसगत होते. वहीत "दोन वाट्या खोबरं, मूठभर मीठ, धने नेहमीचे" असं असणार. ती वाटी कुठली? तीच वाटी शोधून काढा, काठोकाठ पाणी भरा आणि ते पाणी वजनकाट्यावर तोला; जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. डाव, चमचा, मिसळणाच्या डब्यातला चमचा, सगळ्यांचं असंच माप घ्या. मग तिच्या हाताखाली चटणी केलेल्या बाईला, ती तुमची आत्या असो की शेजारीण, नेहमीसारखी कांदा-लसूण चटणी करायला सांगा. तिने मोजायचं नाही. प्रत्येक बरणी वापरण्याआधी आणि नंतर तुम्ही तोलायची. फरक तेवढा जिन्नस गेला. एकीने करायचं, एकीने तोलायचं, एकीने लिहायचं. दोन माणसांत हे होत नाही. मीठ खडे होतं की बारीक, हे लिहाच. चमचाभर खड्या मिठात बारीक मिठापेक्षा वजनाने मीठ कमी भरतं, म्हणून लेकींच्या हातची चटणी खारट होते. कांदा ओला तोलला की वाळवून, हेही लिहा. किलोभर ओला कांदा वाळून सव्वाशे-दीडशे ग्रॅमच उरतो. मिरचीचं नाव लिहा. गडहिंग्लजच्या बाजूची बाई संकेश्वरी मिरची धरून बसलेली असणार, आणि रंगासाठी ब्याडगी किती घालायची हे तिचं गुपित असणार. खोबरं कुठल्या रंगावर उतरवलं त्याचा फोटो काढा, "खरपूस" या शब्दावर सोडू नका. अर्ध्या किलो मिरचीची चटणी करून अण्णांना चाखायला द्या. त्यांची जीभ सांगेल ते अंतिम.

साड्या वाटण्याआधी प्रत्येकीचा पदर, काठ आणि आतला पोत असे तीन फोटो घ्या आणि कोणत्या निमित्ताची ते लिहा. एक रोजची, न धुतलेली साडी बंद पिशवीत ठेवून द्या. तो वास धुतल्यावर परत येत नाही, आणि अण्णांना किंवा धाकट्या नातवंडाला तीच हवी असते. जरीच्या साड्या मलमलच्या पांढऱ्या कापडात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. सुती साड्यांच्या गोधड्या उत्तम होतात. ५ बाय ७ फुटांच्या एका गोधडीला चार थर पुरतात. सहावारी साडीतून सात फुटांचे दोन तुकडे निघतात. एक पूर्ण पन्ह्याचा आणि दुसऱ्यातली सव्वा फुटाची पट्टी असा जोड दिला की एक थर झाला, म्हणजे एका गोधडीला चार साड्या आणि वर ठिगळांना भरपूर कापड. जरीची साडी थरात घालू नका, ती टोचते आणि धुण्याने काळी पडते. विरलेली साडी मधल्या थरात, धडधाकट साडी वर आणि खाली. चार नातवंडांना चार गोधड्या म्हणजे सोळा साड्या. मोजून ठेवा, मग बाकीच्या वाटा.

एवढं जमल्यावर पुस्तिका लिहायला घ्या. जन्म ते मृत्यू अशा सरळ क्रमाचा हट्ट नको. माहेर, कराडची पहिली दहा वर्षं, यंत्र आणि बालवाडी, स्वयंपाकघर, आजीपण, असे भाग पडतील. आजारपणाला एक पान पुरे. शेवटचे महिने तुमच्या डोळ्यांसमोर ताजे आहेत म्हणून ते जास्त जागा खातात, आणि ७७ वर्षांतलं तेवढंच वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. तिचा राग, हट्ट, नातेवाइकांशी धरलेला अबोला यातलं थोडं तरी येऊ द्या. नुसती चांगली बाई कुणालाच ओळखीची वाटत नाही. अवघड गोष्टीही निघू शकतात, जसं एखादं दगावलेलं मूल किंवा जमिनीवरून झालेला भावकीतला वाद. ज्या हयात माणसाला ते सगळ्यात जास्त लागेल त्याला विचारा आणि त्याचं ऐका. दगावलेलं मूल असेल तर तो निर्णय अण्णांचा. नको म्हणाले तर छापू नका, पण रेकॉर्डिंग पुसूही नका.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरांचा चिवडा होतो आणि पाच वर्षांनी ती कुणालाच वाचता येत नाही. वाचणारे वयस्क असतील, अक्षर १४ पॉइंट ठेवा. डेमी आकाराच्या, साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानावर मग अडीचशेच्या आसपास शब्द बसतात. मधोमध पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. ४८ किंवा ५६ पानं हा चांगला आकार. ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो हा साधा, चकाकी नसलेला कागद मजकुराला, फोटोंची आठ पानं १३० जीएसएमच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर. मॅपलिथोवर जुने काळे-पांढरे फोटो करडे उमटतात. शंभर प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. छपाईआधी एक कच्ची प्रत कागदावर काढा आणि दोन वेगळ्या माणसांना द्या: एकाने फक्त नावं, नाती आणि सालं तपासायची, दुसऱ्याने शुद्धलेखन. एकच माणूस दोन्ही करायला बसला की आत्याचं नाव चुकतं, आणि ते वर्षश्राद्धाच्या पंगतीतच कळतं. रॉटरडॅमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नसेल तर प्रत्येक भागाच्या सुरुवातीला क्यूआर कोड छापून तिथे आजीचा किंवा अण्णांचा आवाज जोडा.

भावाला आतापासून दोन कामं द्या, दिवाळीची वाट न बघता. सगळ्या फाइलींची एक प्रत त्याने तिकडे हार्डडिस्कवर ठेवायची. तुमची एक, क्लाउडवर एक, म्हणजे तीन झाल्या. आणि दर रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल करून एक फोटो दाखवायचा, एकच. फाइली वर्षातून एकदा उघडून पाहाव्या लागतात, कारण हार्डडिस्क पडून पडूनही बिघडते. आई सवाष्ण गेली, तेव्हा दर वर्षी भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी, तुमच्या घरी पाळली जाईलच. तो दिवस या तपासणीला धरून ठेवा.

तारखेचं एक लक्षात असू द्या. वर्षश्राद्ध तिथीने येतं, आणि तिथी पुढच्या वर्षी इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी पडते. मध्ये अधिक महिना आला तर उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. गुरुजींकडून दिवस आत्ताच लिहून घ्या, भावाचं तिकीट त्यावर काढा, आणि छापखान्याला त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख सांगा.